बी.ए. मराठी झालंय, वय 22, कळव्याला राहतो, लिखाणाचा जॉब हवाय पण सगळे अनुभव मागतात, सुरुवात कुठून करू?

वय 22 लिहिलंयस म्हणून सरळ अरे-तुरे करतेय, रागावू नकोस. पहिली गोष्ट, 'लेखक पाहिजे' अशी जाहिरात शोधत बसू नकोस, ती येतच नाही. हेच काम प्रूफरीडर, कॉपी एडिटर, कंटेंट एक्झिक्युटिव्ह, सबटायटलिंग, भाषांतर, लोकलायझेशन (अ‍ॅप, वेबसाइट मराठीत आणणं) अशा नावांनी येतं, त्यामुळे सर्चमध्ये ते शब्द टाक आणि पुढे 'मराठी' जोड.

माझी सुरुवात ठाण्यात, नौपाड्यातल्या एका डीटीपीच्या (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावून देणाऱ्या) दुकानात झाली, प्रूफं, म्हणजे छापण्याआधी चुका तपासायची पानं वाचायला, पानाला 12 रुपये. आपल्याकडे या कामाला सीझन असतो हे कोणी सांगत नाही. सहकारी बँका, पतपेढ्यांची वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, म्हणजे जुलै-ऑगस्टपासून त्यांचे अहवाल छापायला येतात, त्यातच गणपती मंडळांच्या स्मरणिका, आणि ते संपेपर्यंत दिवाळी अंक डोक्यावर. या तीन-चार महिन्यांत दुकानदाराला माणूस हवाच असतो, तेव्हा अनुभव वगैरे कोणी विचारत नाही, एक पान पुढे टाकतात आणि चुका काढ म्हणतात.

प्रूफ तपासायची पद्धत अशी, एक जण मूळ कागद मोठ्याने वाचतो, अगदी 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम' म्हणत, आणि दुसरा लाल पेन घेऊन प्रूफ बघतो. पहिल्याच वर्षी मी एका पतपेढीच्या अहवालातले आकडे पैशापर्यंत तपासले आणि कव्हरवर मोठ्या अक्षरात 'वर्धापन दीन' तसंच गेलं! दीन म्हणजे गरीब बिचारा. 400 प्रती छापून झालेल्या, मग रात्री साडेअकरापर्यंत बसून प्रत्येकीवर 'दिन'ची पट्टी चिकटवली. तेव्हापासून मी सगळ्यात मोठी अक्षरं सगळ्यात आधी वाचते, कारण तिथे कोणी बघतच नाही.

पण त्याच मालकाने पुढच्या वर्षी दुसऱ्या एका पतपेढीच्या अध्यक्षांचं मनोगत लिहायला दिलं, कारण अध्यक्षांनी फक्त आकडे पाठवलेले. 'सभासद बंधू-भगिनींनो' पासून 'आपला स्नेहांकित' पर्यंत सगळं माझं, खाली सही त्यांची. लिखाणाचे पहिले पैसे ते, आणि पुढे जिथे गेले तिथे सॅम्पल म्हणून मी तेच दाखवलं.

आता तयारीचं. मोबाईलवर टाइप करता येतं हे पुरेसं नाही, इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड शीक, युनिकोड म्हणजे काय आणि श्रीलिपी या डीटीपीच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर मेलमध्ये पेस्ट केला की त्याचा कचरा का होतो एवढं कळायला हवं. मराठी 30 शब्द प्रति मिनिटाची टायपिंगची परीक्षा देऊन ठेव, सरकारी क्लार्कच्या फॉर्मलाही चालते, आई-बाबा पण जरा शांत राहतील. अरुण फडके यांची शुद्धलेखनाची खिशात मावणारी पुस्तिका घे, आणि ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाचं, 1893 सालचं आहे ते, सभासद हो.

ऐरोली-महापेच्या ऑफिसांमध्ये कंटेंटचे जॉब निघतात, पण ते बहुतेक इंग्लिशचे, मराठी लागते ती भाषांतराला. सबटायटलला ओळी दोनच, एका ओळीत साधारण 40-42 अक्षरं, त्यामुळे सुंदर वाक्य कापायची तयारी हवी. घोडबंदरला सिरियलची शूटिंग चालतात म्हणून सेटवर जाऊन उभा राहू नकोस, लेखक तिथे नसतो, तो घरी बसून उद्याचा एपिसोड लिहीत असतो. तिथे कथा, पटकथा, संवाद ही तीन वेगळ्या माणसांची कामं असू शकतात, आणि नवीन माणूस शिरतो तो बहुतेक संवाद लेखकाचा असिस्टंट म्हणून.

डिपॉझिट मागणारा टायपिंगचा जॉब म्हणजे फसवणूक, फोन ठेवून दे. टेस्ट म्हणून एक लेख फुकट दे, तीन मागितले तर देऊ नकोस, माझे असे तीन लेख एका वेबसाइटने नाव न लावता छापले आणि नंतर फोनच उचलला नाही. आणि पेमेंटमधून 10 टक्के टीडीएस (आधीच कापून घेतलेला आयकर) कापला तर घाबरू नकोस, उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरल्यावर परत मिळतो.

आत्ता ऑगस्ट लागलाय, म्हणजे अहवालांची प्रूफं टेबलावर यायला लागली असणार. कळव्याहून ठाणे तुझ्यासाठी एकच स्टेशन, उद्या दुपारनंतर नौपाड्यातल्या डीटीपीच्या दुकानांत जा, सकाळी मशीनच्या गडबडीत कोणी बोलत नाही. आणि लाल पेन स्वतःचं ने, दुकानातलं एकही धड चालत नाही.