रोजचे 45 किलोमीटर आणि वर्षातून दोनदा कोकण : इलेक्ट्रिक कार घ्यावी का?

तुमचा प्रश्न असा, की पुण्यात फ्लॅट आहे, ऑफिसला जाऊन-येऊन रोज 45 किलोमीटर होतात, गणपतीला आणि शिमग्याला चिपळूणकडे गावी जाता, मग ईव्ही परवडेल का, आणि घाटात अडकलो तर काय? खरं तर उत्तर द्यायला वेळ नव्हता. पण "घाटात अडकलो तर" हे पुण्यातल्या आमच्या धाकट्या दिरांच्या तोंडून इतकी वर्षं ऐकतेय, की आता लिहूनच टाकते.

मी कराडला राहते, नोकरी पाटणला आणि माहेर चिपळूणच्या पुढे. म्हणजे कराड-चिपळूण रस्त्यावरचा कुंभार्ली घाट माझ्या रोजच्या रस्त्याच्या टोकालाच आहे. बँकेत वाहनकर्जाचं टेबल माझ्याकडे असतं, त्यामुळे लोक गाडी कशी घेतात ते समोर बसून बघते. रोज किती चालवता असं विचारलं की "असंच, वीस-पंचवीस" म्हणतात आणि अर्ज भरतात सात सीटर डिझेलचा. का, तर मे महिन्यात सगळ्यांना घेऊन गावी जायचं असतं. वर्षातल्या चार दिवसांसाठी उरलेल्या वर्षाचा हप्ता! माझं मत स्पष्ट आहे. गाडी रोजच्या रस्त्यासाठी घ्यावी. गावच्या वाटेचं गणित जमवता येतं.

कागदावरच्या रेंजवर, म्हणजे एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते त्या आकड्यावर, जाऊ नका. 2020 साली नेक्सॉन ईव्ही आली तेव्हा 30.2 युनिटच्या (वीजबिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॅट-अवर) बॅटरीवर कागदावर 312 किलोमीटर होते, चालवणारे दोनशे-सव्वादोनशे सांगायचे. ती चाचणीच ठरावीक, बेताच्या वेगाची असते. कागदाच्या दोनतृतीयांश धरा. हायवेला शंभरच्या वर पळवणार असाल तर त्याहून कमी, कारण बॅटरी खातो तो वारा. एसीचा बाऊ करतात तेवढा तो खात नाही.

माझी गाडी 24 युनिटची छोटी हॅचबॅक आहे. पहिल्या वर्षी गणपतीला ती घेऊन माहेरी निघाले तर भाऊजींचं तेच, "वहिनी, टोइंगवाल्याचा नंबर असू दे." घाट उतरताना गाडी उलट चार्ज होते हे त्यांना पटतच नाही. घाटमाथ्याच्या अलीकडच्या हेळवाकच्या पुढे उतार लागला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा. गाडी स्वतःच आवरते आणि मोटर जनरेटर होते. घाटाच्या पायथ्याला पोफळीला पोचेपर्यंत बॅटरीचा आकडा तीन-चार टक्क्यांनी चढलेला असतो. त्याच पोफळीला कोयनेचं पाणी त्याच डोंगरावरून उतरवून वीज करतात. तिथे त्यांना पटतं, गाडीत पटत नाही.

अडलं ते घाटात नाहीच, घरी पोचल्यावर. पडवीत मिक्सर-घरघंटीसाठी 15 अँपिअरचा सॉकेट आहे, त्यात चार्जर लावला तर लाल दिवा. काढून परत लावला, पुन्हा लाल. घरात मखराची गडबड, दादाला कुणी मोकळं सोडेना, आणि ही बातमी कशी कोण जाणे पुण्याला पोचली. भाऊजींचा फोन, "वहिनी, कॅनमधून डिझेल पाठवू का?"

दुसऱ्या दिवशी वाडीतला वायरमन आला. बोर्ड उघडून बघितला आणि म्हणाला, "बाय, ह्या घराक अर्थिंगच नाय. तिसरी वायर नुसती शोभेक." खरंच, गळका करंट जमिनीत उतरवणारी हिरवी वायर बोर्डाच्या मागे तुटून लोंबकळत होती, कुठेच गेलेली नव्हती. फ्रिजला ओल्या हाताने शिवलं की झिणझिण्या येतात म्हणून आई आम्हाला लहानपणापासून चपला घालायला लावायची. तीस वर्षं आमचं अर्थिंग म्हणजे त्या चपला होत्या! चार्जरच्या डब्याने ते लावल्याबरोबर ओळखलं. त्याला अर्थ मिळाला नाही तर तो करंट सोडतच नाही, आणि तेच बरोबर आहे.

मग न्हाणीमागे, जिथे सांडपाण्याने जमीन बारमाही ओली असते, तिथे खड्डा खणला. जांभा दगड, पहार टणाटण वाजत होती. चिपळूणहून तांब्याची प्लेट आणली, मीठ-कोळशाचे थर घातले, वायर बोर्डापर्यंत ओढली. शेवटी त्याने फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून दाखवला. सकाळी तो पेटतच नव्हता, आता लख्ख पेटला. चार्जर हिरवा झाला. रात्री लाइट दोनदा गेली, आली की चार्जिंग आपोआप सुरू. साध्या सॉकेटवर रिकामी बॅटरी भरायला नऊ-दहा तास लागतात, पण गावी रात्रभर गाडी उभीच तर असते. येताना घाट चढायला बॅटरी लागते हे खरं. सामानासकट दीड टनाची गाडी सहाशे मीटर वर न्यायला नुसती उचलण्यातच अडीच युनिट जातात, बाकीचं धरून तीन-साडेतीन. म्हणजे माझ्या बॅटरीचा सातवा-आठवा हिस्सा. पाटणला पोचले तेव्हा निम्म्याहून जास्त शिल्लक होती आणि भाऊजींना मी डॅशबोर्डचा फोटो पाठवला. अजून ब्लू टिक आहे, उत्तर नाही.

तुम्ही पुण्याहून उंब्रजवरून आलात तर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर होतील. साताऱ्याच्या आसपास हायवेवर एकदा फास्ट चार्जिंग करा, चहा-वडापावला तसेही थांबताच. पाटणच्या पुढे चार्जर मिळेल असं धरून निघू नका. आणि गणपतीच्या आदल्या दिवशी प्रत्येक चार्जरवर रांग असते, तेव्हा एक दिवस आधी निघा. गावच्या घरी आधी अर्थिंग बघून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. गाडी घ्या न घ्या, हे काम कराच, घरात म्हातारी माणसं असतात.

आता "डिझेलला तोड नाही" म्हणणाऱ्यांसाठी. आमचे भाऊजी कोथरूडला राहतात, ऑफिस डेक्कनला. दिवसाला आठ-दहा किलोमीटर, तेही सिग्नल टू सिग्नल, आणि गाडी बीएस-6, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांची, डिझेल. त्या गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेत डीपीएफ असतो, काजळी अडवणारी गाळणी. ती काजळी जाळायला गाडी काही वेळ सलग बऱ्या वेगात चालावी लागते. कर्वे रोडवर ती कधी चालणार? डीपीएफचा दिवा लागला की भाऊजी रविवारी पहाटे उठून गाडी खंबाटकीपर्यंत पळवून आणतात. फिरायला नव्हे, काजळी जाळायला! आणि अडकण्याची भीती मला घालतात. ज्याचं रोजचं जाणं दहा किलोमीटर, त्याने डिझेल घेणं हा शुद्ध वेडेपणा आहे, मग तो दीर का असेना.

तुमच्या 45 किलोमीटरला दिवसाला सहा-सात युनिट लागतील, महिन्याला दीडशेच्या आसपास. पण हे युनिट घरच्या मीटरवर चढले की वीजबिलाचा स्लॅब बदलतो, म्हणजे युनिटचा दर चढतो, 100 नंतर, 300 नंतर, 500 नंतर. शोरूमवाले सांगतात तो "किलोमीटरला एक रुपया" त्यात धरलेला नसतो. माझं जमलं कारण स्वतःचं घर आहे आणि छतावर 3 किलोवॅटचं सोलर आहे. केंद्राच्या सूर्यघर योजनेत त्यावर 78,000 रुपये अनुदान मिळतं.

फ्लॅटचं तेवढं खरंच वेगळं आहे, हे मी आधीच लिहायला हवं होतं. पार्किंगमध्ये स्वतःच्या मीटरवरून पॉइंट मिळत नसेल आणि सगळं चार्जिंग बाहेर पैसे मोजून करावं लागणार असेल, तर घेऊ नका, सरळ पेट्रोल किंवा सीएनजी घ्या. बाहेरचा युनिटचा दर घरच्यापेक्षा बराच जास्त असतो आणि रोज कुठे उभं राहणार? आधी सोसायटीशी बोला, मग टेस्ट ड्राइव्ह. सेक्रेटरी नाही म्हणाले तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचना प्रिंट काढून न्या. घरी, आहे त्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते असं त्यात लिहिलंय. भाऊजींनाही एक प्रत दिली आहे. त्यांची खरी अडचण घाट नाहीच, त्यांच्या सोसायटीचे चेअरमन ही आहे, आणि चेअरमनशी भाऊजींचं पाण्याच्या टँकरवरून वाजलंय.