उजवीकडच्याला आधी वाट, पण कधी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गणपतीला गावी आलात, वाडीतून मोठ्या रस्त्याला लागताना उजवीकडे वळत होतात. डावीकडून सरळ रिक्षा आली. मी तिच्या उजव्या हाताला, म्हणजे हक्क माझा, असं समजून तुम्ही गाडी घातलीत आणि तिचा पत्रा चेपला. चूक कोणाची?

तुमची. उजवीकडच्याला वाट द्यायची हा नियम खरा, पण त्याचा नंबर शेवटचा. आधी पोलिसाचा हात, मग सिग्नल, मग पाटी (उलटा त्रिकोण म्हणजे वाट द्या, लाल अष्टकोन म्हणजे गाडी पूर्ण उभी करा), मग मुख्य रस्ता. यातलं काहीच नसेल आणि दोन सारखेच रस्ते भेटत असतील, तर उजवा हात. 1989 चे नियम जाऊन 2017 साली नवे आले, तरी हे सूत्र तेच राहिलं. कारणही साधं आहे. आपण डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे चौकात शिरल्यावर पहिली आडवी येते ती उजवीकडची गाडी. डावीकडची पलीकडच्या अर्ध्यात असते. सर्कलला मात्र आत फिरणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं.

आता आपल्याकडची, म्हणजे कोकणातली, खरी अडचण: गडगा, म्हणजे कुंपणाची दगडी भिंत. चिऱ्याचा गडगा थेट डांबराला टेकलेला आणि भाद्रपदात त्यावर पुरुषभर गवत. आपण बसतो बॉनेटच्या मागे, म्हणजे रस्ता दिसेपर्यंत गाडीचं तोंड रस्त्यात गेलेलं असतं. अशा ठिकाणी काच खाली, गाणी बंद, हॉर्न देऊन पहिल्या गिअरवर वीतभर पुढे, थांबा, ऐका, पुन्हा वीतभर. शेजारच्याला उतरवून बघायला लावलंत तरी कोणी हसणार नाही. हसलं तर हसू दे.

आंबा घाटातून परत जाणार असाल तर अजून एक. रस्ता अरुंद असेल तिथे उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. भरलेली एसटी चढावर अडली की पुन्हा उचलताना मागे सरकते, आणि मागे तुमच्यासारख्या चाकरमान्यांच्या गाड्या चिकटलेल्या असतात. रुग्णवाहिका अडवलीत तर दंड 10,000 रुपये, तिथे उजवं-डावं काही नाही.

आणि समोरच्याने दिवे मारले म्हणून 'या' समजू नका. आपल्याकडे त्याचा अर्थ बहुतेक वेळा 'मी येतोय' असाच असतो.