वाचकांचे प्रश्न : ट्यूबा एकट्याने मैफल रंगवू शकतो का?

प्रश्न : वरातीच्या बँडपथकात अंगाभोवती वेढलेला, मोठ्या तोंडाचा पितळी ‘बास’ मी लहानपणापासून पाहत आलो आहे, पण त्यावर गाण्याची चाल वाजलेली कधी ऐकली नाही. माझा पुतण्या म्हणतो, की याच जातीच्या ट्यूबासाठी पाश्चात्त्य अभिजात संगीतात स्वतंत्र रचना आहेत आणि जॅझमध्येही त्याचे एकलवादन होते. हे खरे आहे का, आणि ऐकायला सुरुवात कोठून करावी?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पुतण्याचे म्हणणे खरे आहे. आपण पाहता ते वाद्य बहुधा सूझाफोन असावे, म्हणजे चालताना वाजवता यावा म्हणून अंगाभोवती वळवलेला ट्यूबाच. लष्करी बँडचे संचालक वीप्रेख्त आणि वाद्यनिर्माते मोरित्झ यांनी १८३५ मध्ये बर्लिन येथे ट्यूबाचे पेटंट घेतले, ते लष्करी बँडला भक्कम खर्ज मिळावा म्हणून. आणि पुढे शंभराहून अधिक वर्षे त्याच्या वाट्याला मुख्यतः साथच आली.

याला केवळ उपेक्षा कारणीभूत नव्हती. ट्यूबा त्यांच्या मूळ स्वरावरून ओळखले जातात. एकलवादनासाठी अनेकदा निवडल्या जाणाऱ्या एफ ट्यूबाची नळी उलगडली तर सुमारे १२ फूट भरते, मोठ्या बी फ्लॅट ट्यूबाची १८ फूट. खालच्या सप्तकात जोराने वाजवताना वादकाचा दम फार लवकर संपतो, म्हणून लांब स्वरवाक्य एका श्वासात पेलणे अवघड जाते. शिवाय खर्जातले स्वर भरगच्च वाद्यवृंदात सहज बुडतात. त्यामुळे ट्यूबाला पुढे आणायचे, तर संगीतकाराला इतर वाद्यांचे लेखन जाणीवपूर्वक विरळ ठेवावे लागते आणि श्वास घेण्याच्या जागा रचनेतच राखाव्या लागतात.

हे भान ठेवून लिहिलेली पहिली मोठी रचना म्हणजे इंग्रज संगीतकार रॅल्फ व्हॉन विल्यम्स यांचा ट्यूबा कॉन्चेर्तो, म्हणजे एकल ट्यूबा आणि वाद्यवृंद यांसाठीची रचना. लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १३ जून १९५४ रोजी जॉन बार्बिरोली यांच्या संचालनाखाली तो प्रथम सादर झाला, आणि एकलवादक होते त्याच वाद्यवृंदातील ट्यूबावादक फिलिप कॅटेलिनेट. संगीतकाराचे वय तेव्हा ८१ होते. या रचनेचा ‘रोमान्झा’ हा मधला संथ भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. मिरजेच्या तंबोऱ्यांवर आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या आलापीवर ज्यांचा कान तयार झाला आहे, त्यांना तेथे ट्यूबा वाजतो आहे असे न वाटता कोणी धीम्या, भरदार आवाजात गातो आहे असेच वाटेल. पुढच्याच वर्षी जर्मन संगीतकार हिंडेमिट यांनी ट्यूबा आणि पियानो यांसाठी सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, लिहिला. नॉर्वेचे ऑयस्टाइन बाड्सविक यांनी तर एकलवादक म्हणूनच कारकीर्द घडवली. त्यांच्या ‘फ्नुग’ या रचनेत वादक फुंकतानाच कंठातूनही स्वर काढतो आणि एकाच वाद्यातून एकाहून अधिक स्वर उमटतात.

जॅझमधली वाटचाल निराळी आहे. तेथे १९२०च्या दशकात अनेक वाद्यसंचांत ट्यूबाच खर्जाची बाजू सांभाळत असे. पुढे ती जागा तंतुवाद्य असलेल्या डबल बासने घेतली आणि ट्यूबा जवळजवळ बाहेर पडला. तो परतला तो नव्या भूमिकेत. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९४९-५०च्या ध्वनिमुद्रणांत बिल बार्बर यांचा ट्यूबा ठेका न धरता इतर सुषिर वाद्यांबरोबर चाल वाजवतो. ट्यूबावादक रे ड्रेपर यांनी १९५७ मध्ये, वयाच्या अवघ्या सतराव्या वर्षी, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्यासोबत स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रण केले आणि त्यात ट्यूबावर उत्स्फूर्त विस्तार केला. त्या वादनातील काही द्रुत जागा जड वाटतात हे मान्य करूनही, ते धाडस मला फार महत्त्वाचे वाटते. हॉवर्ड जॉन्सन यांनी तर अनेक ट्यूबांचाच संच उभा केला, आणि आज लंडनचे थिऑन क्रॉस खर्जाची साथ व एकलवादन या दोन्ही बाजू सांभाळताना ऐकू येतात.

आपण प्रथम ‘रोमान्झा’ ऐकावा, मग बार्बर, ड्रेपर आणि क्रॉस या क्रमाने जावे. मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर मात्र ऐकू नये. त्यातून खर्जाचा बराचसा भाग गळून जातो. चांगले हेडफोन वापरावेत.