‘मॅकिनेशन’ या इंग्रजी शब्दाचा अर्थ व उगम काय?

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले की राजकीय बातम्यांत शोभेल असा हा शब्द बहुधा अनेकवचनी वापरतात. पडद्याआडून, दुसऱ्याला गोत्यात आणण्यासाठी शिजवलेले कारस्थान हा त्याचा अर्थ असून साध्या लबाडीला तो लावू नये, कारण त्यात पूर्वनियोजन गृहीत असते. लॅटिनमधील ‘माकिनारी’, म्हणजे युक्ती योजणे, हे क्रियापद ‘माकिना’ (यंत्र, क्लृप्ती) या नामापासून आले आणि ते नाम ग्रीक ‘मेखाने’च्या डोरिक (ग्रीक भाषेच्या एका बोलीतील) रूपापासून. प्राचीन ग्रीक रंगभूमीवर देवाचे काम करणाऱ्या नटाला दोरांच्या आधाराने वरून उतरवणाऱ्या यारीलाही (क्रेनलाही) ‘मेखाने’च म्हणत, हा तपशील मला विशेष मोलाचा वाटतो. इंग्रजीत हा शब्द 15व्या शतकापासून आढळतो. फ्रेंचमार्गे आलेला ‘मशीन’ त्याचेच भावंड आहे.