वाचकांचे प्रश्न: काळ्या मातीतली ड्रेनेज लाईन

वडगाव-येळ्ळूरच्या शिवारापासून निपाणी, चिकोडी, अथणीपर्यंत पिकाच्या रानात साईटी (घरांचे प्लॉट) पडत आहेत. त्यामुळे यावेळच्या पत्रांत ड्रेनेजचेच प्रश्न जास्त आहेत. नावं-पत्ते वगळून त्यातले काही निवडून दिले आहेत.

प्रश्न : आमचं घर पूर्वीच्या भाताच्या रानात आहे. तीन वर्षांपूर्वी ४ इंची पीव्हीसी लाईन घातली आणि भक्कम राहावी म्हणून भोवती सिमेंट काँक्रीट भरून घेतलं. आता भिंत आणि पहिलं चेंबर यांच्यामध्ये पाईप तुटलाय. पाईप हलका निघाला का? (वडगाव, बेळगाव)

पाईपला दोष देऊ नका. काँक्रीटनेच घात केलाय.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती तुमच्या अंगणाखाली आहे. घराचा पाया खोल असल्याने तो फारसा हलत नाही. दोन-अडीच फुटांवरची लाईन मात्र दरवर्षी वर-खाली होते. काँक्रीट भरलं की सगळी लाईन एक ताठ तुळई होते, आणि ती जिथे जखडलेली असते तिथेच, म्हणजे भिंतीच्या तोंडाशी, मोडते. नवा पाईप घालून पुन्हा काँक्रीट ओतलंत तर तो पुन्हा तिथेच तुटेल. या मातीत लाईन हलू शकली पाहिजे, तरच ती टिकते.

भिंतीपासून चेंबरपर्यंतचा भाग उकरून काढा. भिंतीतलं भोक पाईपच्या चहूबाजूंनी ५० मिमी मोकळं ठेवा. फटीत थर्माकोलच्या पट्ट्या भरा आणि माती व उंदीर आत शिरू नयेत म्हणून बाहेरून पत्रा बसवा. इथे सिमेंट लिंपायचं नाही, गवंडी कितीही म्हणाला तरी. भिंतीच्या बाहेर १५० मिमीच्या आत पहिला रिंग जॉइंट (रबरी रिंग बसवलेला, थोडा हलू शकणारा जोड), मग ६०० मिमीचा आखूड तुकडा, मग दुसरा रिंग जॉइंट आणि त्यापुढे सलग लाईन. तो आखूड तुकडा दोन्ही टोकांना थोडा कलू शकतो, त्यामुळे हालचाल तिथेच जिरते. चेंबरच्या दोन्ही बाजूंनाही असाच तुकडा द्या, कारण विटांचं चेंबर आपल्या वजनाने वेगळंच खचतं.

पाईप घेताना त्यावरचा आयएस (भारतीय मानकाचा) नंबर वाचा. जमिनीखाली १५३२८ नंबरचा यूपीव्हीसी पाईप हवा. एसएन म्हणजे पाईपच्या ताठपणाचा दर्जा. अंगणात एसएन-४ चालतो, गाडी जाते तिथे एसएन-८ घ्या. दुकानात सहज मिळतो तो १३५९२ नंबरचा एसडब्ल्यूआर (संडास-मोरी आणि पावसाच्या पाण्याचा) पाईप इमारतीच्या आतल्या आणि बाहेरून भिंतीवरच्या कामाचा. रिंगला साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, त्याने रबर फुगून खराब होतं. पाईप सॉकेटमध्ये (पुढच्या पाईपच्या रुंद तोंडात) पूर्ण ढकलून खूण करा आणि १० मिमी मागे ओढा. एवढी जागा ठेवली नाही तर रिंग जॉइंट असून नसल्यासारखाच. सॉल्व्हंट सिमेंट (पाईप कायमचे चिकटवायचा डिंक) घराच्या आतच वापरा.

चर ४५० मिमी रुंद ठेवा. तळाला ६ ते १० मिमीची बारीक खडी १०० मिमी, तीच पाईपच्या दोन्ही बाजूंना आणि वरही १०० मिमी. ११० मिमीच्या (म्हणजे ४ इंची) पाईपला दहा मीटरमागे साधारण अर्धा ब्रास खडी लागते. वर मुरूम घाला. पाईपवर ३०० मिमी भराव होईपर्यंत धुमसाने जोरात ठोकू नका, पायाने दाबा. काळ्या मातीची ढेकळं पाईपजवळ जाऊ देऊ नका.

उतार १:४० धरा, म्हणजे मीटरला २५ मिमी आणि दहा मीटरला २५० मिमी. ११० मिमीच्या पाईपला १:५७ सुद्धा पुरतो, पण जमीन हलल्यावर कमी उताराच्या लाईनला मध्येच पोट पडतं आणि मैला तिथे बसतो. लेव्हल पाण्याच्या नळीने घ्या, नजरेने नको.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. खडीचा चर म्हणजे पावसाच्या पाण्याला पाट. ते पाणी चरातून थेट पायाखाली येतं आणि तिथली माती फुगवतं. म्हणून घरापासून एक-दीड मीटरवर, चराच्या पूर्ण रुंदीत, खडीऐवजी अर्धा मीटर लांबीचा मळलेल्या काळ्या मातीचा बांध घालून चोपा. इथे मात्र काळी मातीच उत्तम.

प्रश्न : ठेकेदार म्हणतो एप्रिलमध्ये जमीन कोरडी असते, तेव्हाच खोदू. बरोबर आहे का? (निपाणी)

त्याला सोयीचं आहे, तुम्हाला नाही. एप्रिलमध्ये माती पूर्ण आक्रसलेली असते. तेव्हा घातलेली लाईन पहिल्याच पावसात उचलली जाते. पावसाळ्यात तळाचा चिखल होतो. मार्गशीर्ष ते माघ हा काळ योग्य, तेव्हा माती मध्यम ओली असते. दिवसभरात जेवढी खडी-पाईप बसेल तेवढाच चर उघडा. रात्रभर उघडा राहून तळ भेगाळला किंवा चिखलला, तर तो थर काढून खडी भरा, तीच माती परत पसरू नका.

प्रश्न : गावात यूजीडी (सार्वजनिक भुयारी गटार) नाही. सेप्टिक टँकला जोडलेला ६ फुटी शोषखड्डा आषाढात तोंडोतोंड भरतो. आणखी खोल करू का? (चिकोडी तालुका)

खोल केल्याने काही होणार नाही. खाली मुरूम लागला तर गोष्ट वेगळी, नाहीतर खोल खड्डा म्हणजे मोठी टाकीच.

आधी जमीन पाहा. शोषखड्ड्याच्या जागी, पाणी जिरायला हवं त्या खोलीपर्यंत, वीतभर रुंद भोक पाडा. तळाला ५० मिमी खडी टाका, पाणी भरून रात्रभर मुरू द्या. सकाळी पुन्हा पाणी घालून पट्टी उभी करा आणि पाणी २५ मिमी उतरायला किती वेळ लागतो ते बघा. ३० मिनिटांच्या आत उतरलं तर शोषखड्डा चालेल. ३० ते ६० मिनिटं लागली तर खड्ड्याऐवजी खडीचे लांब, उथळ चर हवेत. ६० च्या वर गेलं तर जिरवण्याचा नाद सोडा. निव्वळ काळ्या मातीत बहुतेकदा हेच उत्तर येतं. उन्हाळ्यात कोरड्या भेगांवर ही चाचणी घेतली तर पाणी भसाभस जातं आणि फसगत होते, म्हणून रात्रभर भिजवणं चुकवू नका.

अशा जागी सेप्टिक टँकनंतर, पाणी खालून वर चढेल असा खडीचा फिल्टर बांधा. माणशी ०.०५ घनमीटर, म्हणजे दहा माणसांना अर्धा घनमीटर, २० मिमी खडी लागते. जमिनीतलं पाणी वर येत असेल तर तो थोडा उंचावर घ्या. त्यातून निघालेलं पाणी पंचायतीला विचारूनच गटारीला सोडा.

टाकीचं मापही तपासा. दहा माणसांना आणि दर दोन वर्षांनी उपसा धरून आत २ मीटर लांब, ०.९ मीटर रुंद आणि पाण्याची खोली १.४ मीटर लागते, वर ३०० मिमी मोकळी जागा वेगळी. छपराचं पाणी टाकीत कधीही सोडू नका. हजार चौरस फुटांच्या छपरावर ५० मिमी पाऊस पडला की साडेचार हजार लिटरच्या वर पाणी येतं, आणि ते टाकीतला सगळा गाळ ढवळून पुढे ढकलतं.

उपसा भर पावसाळ्यात करू नका. रिकामी टाकी, विशेषतः प्लॅस्टिकची, भोवतीच्या पाण्याने वर उचलली जाते किंवा मातीच्या दाबाने चेपते. आणि टाकीत माणूस उतरवायचा नाही, एक मिनिटासाठीही नाही. आतल्या वायूने माणूस जागीच जातो, आणि सुरक्षासाधनं न देता असं उतरवणं २०१३ च्या हाताने मैला सफाईबंदीच्या कायद्याने गुन्हा आहे. सक्शनची गाडी बोलवा.

प्रश्न : घराभोवती भोकांचा पाईप पुरला, तरी पावसाळ्यात जोत्याला ओल येतेच. (बळ्ळारी नाल्याजवळ, बेळगाव)

चिकणमाती पाणी सोडत नाही, त्यामुळे पाईप मातीतलं पाणी ओढून घेईल ही अपेक्षाच चुकीची. तो वरून वाहत येणारं पाणी अडवतो, तेही खडी जमिनीलगत वरपर्यंत भरली असेल तरच. वर फूटभर काळी माती पसरली असेल तर पाईप कोरडाच राहणार. भोकं खालच्या बाजूला हवीत. जिओटेक्स्टाईल (पाणी सोडून माती अडवणारं) कापड पाईपला गुंडाळलं तर चिकणमातीने लवकर बुजतं, ते चराच्या भिंतींना अंथरून खडी आत घ्या. उतार १:१०० पुरे. पण शेवट कुठे सोडलाय? नाला भरला की त्याचं पाणी त्याच पाईपने उलटं घराकडे येईल. तोंड नाल्याच्या पावसाळी पातळीच्या वर ठेवता येत नसेल, तर फ्लॅप व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवून संपमधून (पाणी साठवायच्या खड्ड्यातून) पंपाने पाणी काढावं लागेल.

त्याआधी स्वस्तातला उपाय करा. जोत्याभोवती मीटरभर रुंद फरशीचा पट्टा, बाहेरच्या बाजूला उतार देऊन.

प्रश्न : आमची जमीन तांबडी आहे. हे सगळं करावं लागेल का? (खानापूर)

नाही. जांभ्याची माती काळीसारखी फुगत नाही, साधी खडीची गादी आणि योग्य उतार पुरे. पाणी जिरतंही चांगलं, आणि काळजी त्याचीच घ्या. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर लांब हवा.

प्रश्न : चर बुजवण्याआधी काय तपासावं? ठेकेदाराला घाई आहे. (अथणी)

एका चेंबरात आरसा तिरपा धरा आणि पुढच्या चेंबरातून बॅटरी मारा. प्रकाशाचं पूर्ण गोल वर्तुळ दिसलं पाहिजे. वर्तुळ कापलेलं दिसलं तर लाईनला कुठेतरी पोट किंवा उंचवटा आहे. मग ११० मिमीच्या पाईपमधून साधारण ९० मिमीचा गुळगुळीत चेंडू वरून सोडा, तो न अडकता खाली यायला हवा. सॉकेटमध्ये सिमेंटचा गोळा राहिला असेल तर इथेच कळतं.

शेवटी खालचं तोंड प्लगने बंद करा. वरच्या टोकाला उभा पाईप लावून दीड मीटर उंचीपर्यंत पाणी भरा. थोडा वेळ थांबून पातळी पुन्हा भरून घ्या आणि खूण करा. अर्ध्या तासात ती उतरली तर एकेक जॉइंट हाताने चाचपा. बहुतेकदा एखादी रिंग खाचेतून सरकलेली सापडते. ती काढून, पुसून, पाईपचं टोक कानशीने उतरतं करून पुन्हा बसवा आणि चाचणी परत घ्या. ठेकेदाराचं शेवटचं बिल या चाचणीनंतरच द्या.