शास्त्रज्ञांची संस्था चालवणं, ही नोकरी असते का?

नमस्कार ताई,

फोंड्याहून लिहिलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक गोवा विद्यापीठात सागरी विज्ञानाच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. पणजीत भरलेल्या एका परिषदेत ती चार दिवस नोंदणीच्या टेबलावर बसली आणि घरी येऊन म्हणाली, ‘मला संशोधन नाही करायचं. शास्त्रज्ञांची अशी आंतरराष्ट्रीय संस्था चालवायची आहे, वाढवायची आहे.’ तिचे बाबा बरीच वर्षं देवस्थानाचे हिशेब लिहितात. ते म्हणतात, हे कमिटीसारखं मानद काम, याला पगार कोण देणार? आणि तुम्ही विचारलंय, आधी पीएच.डी. की एमबीए?

पगार असतो, ताई. अशा संस्थांत दोन प्रकारची माणसं असतात. अध्यक्ष आणि कार्यकारिणी सभासदांतून निवडून येते. ते नामवंत शास्त्रज्ञ असतात, बहुधा मानद काम करतात आणि मुदत संपली की आपापल्या प्रयोगशाळेत परततात. रोजचा कारभार मात्र पगारी कार्यकारी संचालक आणि त्यांची माणसं बघतात. सभासद विभाग, परिषदा, नियतकालिकं, हिशेब, सगळं त्यांच्याकडे. पृथ्वीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांची, वॉशिंग्टनची अमेरिकन जिओफिजिकल युनियन १९१९ पासून चालू आहे. त्याच विषयांसाठी आपल्या भागात २००३ मध्ये एशिया ओशनिया जिओसायन्सेस सोसायटी निघाली, तिचं ऑफिस सिंगापूरला. लेकीला जे दिसलं ते खरंखुरं क्षेत्र आहे, एवढं आधी मनात पक्कं करा.

देवस्थानाचं उदाहरण बाबांनी दिलं ते मला आवडलं, पण एक फरक मोठा आहे. देवस्थानाची महाजनकी, म्हणजे तिथलं सभासदत्व, वारशाने येते. शास्त्रीय संस्थेचं सभासदत्व दर वर्षी नव्याने मिळवावं लागतं. वर्गणीचा महिना आला की जपानमधला एखादा प्राध्यापक किंवा केनियातली पीएच.डी. करणारी मुलगी मनाशी विचारते, गेल्या वर्षी मला यातून काय मिळालं? संस्था वाढणार की आटणार, ते या उत्तरावर ठरतं.

हे मी जवळून पाहिलंय. काही वर्षं मी एका शास्त्रीय संस्थेच्या सभासदांची यादी सांभाळत होते. परिषदेच्या वर्षी यादी फुगायची, कारण सभासदाला परिषदेची फी कमी असायची. पुढच्या वर्षी त्यातली बरीचशी नावं गळायची. कार्यकारिणी म्हणायची, जाहिरात वाढवा. शेवटी आम्ही दोघी-तिघी गळलेल्या नावांना एकेक करून फोन करत बसलो. तेव्हा कळलं की विद्यार्थ्यांनी कॉलेजचे ईमेल दिले होते, कॉलेज सुटल्यावर ते बंद झाले आणि आमच्या आठवणीच्या पत्रांपैकी एकही त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं. एक मुलगा म्हणाला, ‘मॅडम, तुम्हीच मला विसरलात असं वाटलं.’ त्या दिवसापासून अर्जात घरचा ईमेल आणि मोबाइल नंबर मागायला लागलो. नवे सभासद आणण्याइतकंच, माझ्या मते त्याहून जास्त, आलेल्याला टिकवण्यात या कामाचं मर्म आहे.

‘आंतरराष्ट्रीय’ म्हटलं की काम आणखी बारीक होतं. एकच वर्गणी जगाला लावली तर गरीब देशांतले शास्त्रज्ञ बाहेर राहतात. म्हणून पुष्कळ संस्था जागतिक बँकेच्या उत्पन्न गटांप्रमाणे वर्गणी ठरवतात. गोव्यात संध्याकाळी सातला बैठक ठेवली तर हिवाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे साडेआठ आणि टोकियोत रात्रीचे साडेदहा असतात. दर वेळी टोकियोवाल्यालाच जागवलं तर तो एक दिवस यायचा थांबतो. गोव्यात परिषद भरवायची तर हॉटेल आणि समुद्र आहेच, पण परदेशी पाहुण्यांच्या परिषद व्हिसासाठी परराष्ट्र मंत्रालयाची परवानगी लागते आणि त्याला वेळ लागतो. एखादा पाहुणा व्हिसाअभावी घरी राहिला की सगळी मेहनत फिकी पडते.

पैशाची बाजू लेकीने डोळे उघडे ठेवून पाहावी. वर्गणी, परिषदेची फी आणि नियतकालिकं ही मिळकतीची तीन मोठी साधनं. पैकी तिसरं हलू लागलंय. २०१८ मध्ये युरोपातल्या संशोधन-निधी देणाऱ्यांनी ‘प्लॅन एस’ जाहीर केला, म्हणजे त्यांच्या पैशातून झालेलं संशोधन सर्वांना मोफत वाचता यायला हवं. माझ्या मते हे योग्यच झालं. पण ग्रंथालयांच्या वर्गणीवर उभ्या असलेल्या संस्थांना आता दुसरी वाट शोधावी लागते आहे, आणि ती शोधणं उद्या तिच्या पिढीकडे येईल.

अशी संघटना काय करू शकते, ते दोनापावलाला जाऊन दिसतं. १९५७ मध्ये महासागर संशोधनाची आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक समिती स्थापन झाली. ती देशांची समिती, व्यक्ती सभासदांची नाही. पण तिच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम उभी राहिली, आणि मोहिमेच्या पाठोपाठ १ जानेवारी १९६६ ला आपली दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. त्याच वर्षी मुंबईत मराठी विज्ञान परिषद सुरू झाली, तीही सभासदांच्या बळावर. कोणीतरी पत्रं लिहिली, तारखा जुळवल्या, हिशेब ठेवले, म्हणून हे झालं.

आता तुमचा प्रश्न. याच कामासाठी पीएच.डी. करू नये. मनात नसलेल्या विषयावर चार-पाच वर्षं घालवणं जड जातं. पण एम.एस्सी.चा प्रबंध मात्र तिने जीव ओतून करावा. ज्याने स्वतः कधी नमुने मोजले नाहीत, परीक्षकांचे शेरे सोसले नाहीत, त्याला सभासदाचं दुखणं कळत नाही. एमबीए आत्ता नको. तीन-चार वर्षं काम करून नेमकं काय येत नाही ते कळल्यावर बघू. भारतात अशा जागा थोड्या आहेत आणि सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे लपवत नाही. परिषद-समन्वयक किंवा सभासद विभागातली मदतनीस म्हणून शिरावं. ब्रिटनमधल्या रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेचं, रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीचं, बंगळुरूत ऑफिस आहे, तशा ठिकाणांवर नजर ठेवावी. आणि ज्या परिषदेत ती बसली होती, तिच्या आयोजकांना आजच कळवावं की नोंदणीची यादी नीट लावून द्यायला मी तयार आहे.

पुढच्या महिन्यात तिला माझ्याकडे पाठवा. येताना तिने कुठल्याही एका आंतरराष्ट्रीय शास्त्रीय संस्थेचा वार्षिक अहवाल वाचून यावा. त्याआधी एक संध्याकाळ तो अहवाल घेऊन तिला बाबांशेजारी बसवा. जमाखर्चाची पानं तिला त्यांच्याइतकी नीट दुसरं कोणी समजावणार नाही.