पावसाळ्यात तेलरंगाचा ग्लेझ चिकट का राहतो?

तुम्ही विचारलंय की करड्या अंडरपेंटिंगवर (रंगाआधीच्या एकरंगी खालच्या चित्रावर) वर्मीर या सतराव्या शतकातल्या डच चित्रकाराच्या पद्धतीने ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक रंगाचा थर, देताय, पण जुलैत पुण्यातल्या घरी लाल थर दोन आठवडे चिकट राहिला आणि वरून सुरकुतला. दमट हवेने वाळायला वेळ लागतो हे खरं, तरी सुरकुत्या पडल्या म्हणजे माझा पहिला संशय जास्तीच्या तेलावर.

टर्पेंटाइन उडून जातं, जवसाचं तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. थर जाड असला की वर सायीसारखा पापुद्रा धरतो, खाली ओलंच राहतं. तो पापुद्रा फुगतो आणि त्याला जागा पुरत नाही. त्याच्याच या सुरकुत्या. यावर कोबाल्ट ड्रायर, म्हणजे तेल लवकर वाळवणारं रसायन, ओतू नका. तो पृष्ठभागच आधी वाळवतो, म्हणजे दुखणं वाढतं.

हा थर आता खरवडून काढा. अंडरपेंटिंग नुसत्या टर्पेंटाइनने पातळ केलेल्या रंगात, पातळच करा. रॉ अंबर या तपकिरी मातीच्या रंगात मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. टिटॅनियम व्हाइट आणि आयव्हरी ब्लॅक रेंगाळतात. म्हणून करडा रंग काळ्याऐवजी अंबर आणि पांढरा मिसळून करावा. उजेडाच्या जागा हव्यात त्यापेक्षा थोड्या फिक्या ठेवा, ग्लेझ सगळं एक पायरी गडद करतो. नख हलकेच टेकवून वण उठला तर अजून थांबा. पावसाळ्यात दोन-तीन आठवडेही लागतात. चित्र खेळत्या हवेत, उजेडात ठेवा. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं.

ग्लेझसाठी एक भाग स्टँड ऑइल (तापवून घट्ट केलेलं जवसाचं तेल), दोन भाग टर्पेंटाइन. मऊ ब्रशने लावा आणि लगेच सुती चिंधीने बराचसा टिपून घ्या. राहील तो नुसता रंगाचा श्वास असावा. हीच पायरी लोक गाळतात. ग्लेझचे थेंब होऊन आकसत असतील तर खालचा थर फार तुळतुळीत आहे. टर्पेंटाइनने किंचित ओलसर केलेल्या चिंधीने पुसून मग लावा. घाण्यावरचं खायचं जवस तेल मात्र नको. त्यात चिकट गाळ राहतो, आणि ते जास्त पिवळं पडतं.

लाल ट्यूबवरचा पिगमेंट नंबरही बघा. पीआर ८३, म्हणजे अस्सल अॅलिझरिन क्रिमसन, पातळ ग्लेझमध्ये उजेडाने उडतो. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन हा उजेडात टिकणारा लाल घ्या. वर्मीरच्या मोत्याच्या डुलवाल्या मुलीमागे (सुमारे १६६५) आज काळोख दिसतो, पण तिथे हिरवा पडदा होता. काळ्या थरावर दिलेला नीळ आणि वेल्ड या पिवळ्या वनस्पतिरंगाचा ग्लेझ काळाच्या ओघात विटला.

व्हार्निशची घाई नको, सहा महिने ते वर्षभर थांबा. आणि तेलाच्या चिंध्या चुरगळून कचऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.